उसनी चाकं

पुण्याच्या पेठांतल्या एखाद्या रस्त्यावर सम-विषम तारखेच्या पार्किंगचा हिशेब चुकलेली मोटार उचलली जात असेल, तर जरा थांबून बघा. मालकापासून चार हात लांब उभे राहा, कारण त्या वेळी तो कोणाशीच नीट बोलत नाही. दंड, वाद आणि पावती यांच्या गडबडीत एक सुंदर कोडं आपल्यासमोर सोडवलं जातं आणि ते कोणी बघत नाही.

कोडं असं. मालक शहाणा आहे. हातब्रेक ओढून, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, काचा बंद करून तो खरेदीला गेला आहे. क्रेन मागे मागे येते, तिचा लोखंडी हात जमिनीलगत गाडीखाली सरकतो आणि पुढची दोन चाकं उचलतो. आता मागची चाकं फिरायला हवीत. पण हातब्रेक मागच्याच चाकांना धरून ठेवतो. म्हणजे पुढून उचलली तर मागचे टायर घासत जाणार. बरं, उलट बाजूने उचलू म्हटलं, तर आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन पुढची चाकं फिरवतं आणि गाडी गिअरमध्ये असल्याने ती चाकं इंजिनाला जखडलेली आहेत. पुढून कुलूप, मागून कुलूप, किल्ली मालकाच्या खिशात. तरीही गाडी थोड्याच वेळात वाहतूक चौकीच्या दिशेने निघालेली असते.

यावरचं उत्तर म्हणजे डॉली. गाडीची चाकं फिरत नसतील तर त्यांना फिरवायच्या भानगडीतच पडायचं नाही. त्यांच्याखाली दुसरी, छोटी चाकं द्यायची. घसटणाऱ्या टायरखाली बुटकी ट्रॉली सरकवली की हातब्रेक बिचारा इमाने इतबारे आपलं काम करत राहतो आणि गाडी पुढे जाते.

या बुटक्या ट्रॉलीची मोठी बहीण म्हणजे टो डॉली: दोन चाकांचा छोटा गाडा, पुढे लांब दांडा, वर टायर बसतील असे दोन खोलगट पाळे आणि चढवायला दोन उतरत्या पट्ट्या. बंद पडलेल्या मोटारीची पुढची चाकं पाळ्यांत चढवायची, कापडी पट्ट्यांनी करकचून आवळायची, दांडा पुढच्या वाहनाच्या गोळ्यावर अडकवायचा. मागची दोन चाकं रस्त्यावरच राहतात. अमेरिकेत घर बदलणारी माणसं असा गाडा भाड्याने घेऊन आपली मोटार मागे लावून नेतात. पुण्यात तो क्वचित दिसतो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा वाहनच आहे, त्यामुळे भोसरीच्या शेडमध्ये चार अँगल जोडून बनवला आणि रस्त्यावर आणला, असं चालत नाही. त्याला मान्यता लागते, नोंदणी लागते. मान्यतेसाठीच्या चाचण्या करणारी देशातली एक प्रमुख संस्था, 1966 साली स्थापन झालेली एआरएआय, आपल्याच वेताळ टेकडीवर आहे. म्हणून आपल्याकडे क्रेन, नाहीतर सपाट पाठीचा ट्रक, नाहीतर सगळ्यात जुना आणि सगळ्यात बेभरवशाचा उपाय: टोचन.

दोरी किंवा साखळी लावून एक गाडी दुसरीला ओढते ते टोचन. कात्रजच्या चढाला हे दृश्य ज्याने पाहिलं नाही तो पुणेकर नव्हे. केंद्र सरकारने 1989 साली केलेल्या आणि 2017 साली बदललेल्या रस्त्याच्या नियमांत टोचनावर चार ओळी होत्या आणि त्या मला फार आवडतात, कारण त्या लिहिणाऱ्याला यंत्र कळत होतं. ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको. वेग ताशी 24 किलोमीटरच्या वर नको. आणि मागच्या गाडीत परवानाधारक चालक बसलेला हवा. नाहीतर तिची वळणारी, म्हणजे स्टिअरिंगची चाकं क्रेनने किंवा तशा साधनाने रस्त्यापासून उचललेली हवीत. हे शेवटचं वाक्य म्हणजे डॉलीचीच व्याख्या की! गाडी कुठे जाणार हे पुढची दोन चाकं ठरवतात. त्यांच्यावर माणूस बसवा, नाहीतर ती जमिनीवरून काढून घ्या.

आता थोडं गणित करू. ताशी 24 किलोमीटर म्हणजे सेकंदाला पावणेसात मीटरच्या आसपास. मधलं पाच मीटरचं अंतर संपायला पाऊण सेकंद लागतो. पुढच्याने ब्रेक दाबला हे दिसून आपला पाय हलेपर्यंत तेवढा वेळ सहज जातो. शिवाय मागच्या गाडीचं इंजिन बंद. ब्रेकला जोर देणारी निर्वात टाकी दोन-तीनदा दाबल्यावर रिकामी होते आणि मग ब्रेक दगडासारखा लागतो. पॉवर स्टिअरिंगही गेलेलं. दोरीला फक्त ओढता येतं, थांबवता येत नाही. डॉलीच्या कडक दांड्याला दोन्ही येतं.

थांबवण्यावरूनच या गाड्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट सांगतो. चांगल्या डॉलीला स्वतःचे ब्रेक असतात आणि ते लावायला ना माणूस लागतो, ना पुढच्या वाहनातून येणारी नळी. उतारावर बैलगाडीचं सगळं ओझं जसं जुवातून बैलांच्या मानेवर येतं, तसं पुढच्या वाहनाने वेग कमी केला की मागचा गाडा पुढे रेटतो. हा रेटा दांड्याच्या टोकाशी येतो. तिथे दांडा अखंड नसतो. एका नळीत दुसरी नळी सरकते. सरकणारी नळी आत बसवलेल्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरला दाबते आणि डॉलीच्या चाकांना ब्रेक लागतो. जितका जोरात रेटा, तितका जोरात ब्रेक. ज्या धक्क्याने अपघात व्हायचा, तोच धक्का गाडी थांबवायच्या कामी लावला आहे.

या युक्तीला तिचे दोषही आहेत. खंबाटकी घाटासारख्या लांब उतारावर पुढचा चालक शहाणपणाने खालच्या गिअरमध्ये उतरतो, तेव्हा डॉली सतत रेटत राहते, म्हणजे तिचे ब्रेक सतत लागलेले राहतात आणि तापतात. मागे घेतानाही तसंच: रेटा आला की डॉली समजते, थांबायचं आहे. काही डॉलींमध्ये यासाठी अडसर असतो. पण मोटार चढवलेली डॉली मागे घेऊच नये, हे बरं. एक सांधा दांड्याच्या गोळ्याशी. दुसरा पाळ्यांखाली, जिथे वळणावर मोटारीचं नाक डॉलीवर फिरावं म्हणून चकती असते. दोन सांध्यांची ही माळ मागे ढकलली की कुठल्या बाजूला दुमडेल हे सांगता येत नाही. ट्रेलर मागे घेण्याचं गणित अभियंत्यांच्या प्रयोगशाळांतही आवडीचं आहे. शनिवार पेठेच्या बोळात तो प्रयोग कशाला?

दुरुस्तीत मला सगळ्यात जास्त रस आहे, कारण डॉली रोज मोडत नाही. ती कोपऱ्यात उभी राहून खराब होते. पावसाळाभर शेडबाहेर उभा राहिलेला गाडा बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून हब ओले झालेले असतात. हबमध्ये निमुळत्या रोलरची बेअरिंग असतात. हेन्री टिमकन या अमेरिकेतल्या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसाने 1898 मध्ये त्यांचं पेटंट घेतलं होतं, ते घोडागाडीच्या आसासाठी. रोलर निमुळते असल्याने ती वरून येणारं वजनही पेलतात आणि वळणावर बाजूने येणारा रेटाही.

हब उघडला की ग्रीसच सगळी कहाणी सांगतं. दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर पाणी शिरलं आहे. रोलरवर निळसर झाक असेल तर ते कधीतरी फार तापले आहेत. खरवडल्यासारखे खड्डे दिसले तर ‘अजून थोडे दिवस चालेल’ हे वाक्य मनातसुद्धा आणू नका. बेअरिंग, कप आणि सील तिन्ही बदला. नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानात जुन्यावरचा नंबर दाखवला की जोडी मिळते. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात जॅक घ्या, पाने घ्या, हातोडा घ्या, पण वापरलेली बेअरिंग तिथून घेऊ नका, कितीही चकचकीत पुसून ठेवलेली असोत.

नवीन बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचं ते तळहाताने. तळहातावर गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत ओढायची, म्हणजे ग्रीस रोलरच्या मधून वर फुटतं. नुसतं बाहेरून लिंपलेलं ग्रीस शोभेपुरतं. मग नट. इथे कारागिराचा हात कळतो. चाक हाताने फिरवत नट आवळायचा, सगळं नीट बसलं की तो सैल करायचा, पुन्हा फक्त बोटांच्या ताकदीने लावायचा आणि कॉटर पिन घालायची. जास्त आवळला तर बेअरिंग जळतं, सैल राहिला तर चाक डगमगतं. थोडं अंतर चालवून थांबायचं आणि दोन्ही हबजवळ उलटा हात न्यायचा. एक कोमट आणि दुसरा चटका देणारा असेल तर परत उघडा.

पट्ट्यांचा विषय लोक सोडून देतात. नायलॉन-पॉलिएस्टरचे पट्टे उन्हाने आतून कमजोर होतात आणि रंग उडाल्याशिवाय ते सांगत नाहीत. कडेचा धागा तुटला असेल तर पट्टा फेकायचा; गाठ मारून वापरायचा नाही. टायरचंही वय बघा. बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत आणि बगलेत भेगा, ही उभ्या राहिलेल्या गाड्याची खूण. मागचे दिवे लुकलुकत असतील तर बल्ब बदलण्याआधी अर्थची तार गंजली आहे का ते पाहा. दांड्याच्या वेल्डिंगवर रंग तडकलेला दिसला तर तो खरवडा. खाली चीर असू शकते. सुरक्षेच्या दोन साखळ्या जोडणीखाली एकमेकींना छेद देऊन लावतात. गोळ्यावरून दांडा निसटलाच, तर तो रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या त्या झोळीत पडतो.

एवढं सगळं जमलं तरी मूळ प्रश्न उरतोच: कोणती दोन चाकं फिरू द्यायची? अँबॅसिडर आणि प्रीमिअर पद्मिनीच्या काळात इंजिन मागची चाकं फिरवायचं. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी घरोघरी पोचली. डॉलीसाठी ती आदर्श, कारण चालवणारी चाकं वर जातात आणि मागची दोन नुसती लोळत येतात. बोलेरोसारखी मागच्या चाकांनी चालणारी गाडी मात्र पुढून उचलली तर रस्त्याबरोबर तिच्या गिअरबॉक्सचा मागचा भागही फिरत राहतो. म्हणून लांब न्यायची असेल तर जाणता मेकॅनिक खाली झोपून प्रोपेलर शाफ्टच सोडवतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये धोका आणखी मोठा. आतलं तेल खेळवणारा पंप इंजिनवर चालतो; इंजिन बंद आणि चाकं फिरती, म्हणजे दंतचक्रं कोरडी घासणार.

विजेच्या गाडीत तर न्याय उलटा होतो. ज्या मोटरमध्ये कायमचे चुंबक आहेत, तिची चाकं बाहेरून फिरवली की ती वीज तयार करू लागते, ती हवी असो वा नसो. त्यामुळे कंपन्या सहसा अशा गाड्या चारही चाकं उचलूनच न्यायला सांगतात. आणि गंमत आपल्या जिल्ह्यातली: रांजणगावात बनणारी नेक्सॉन ईव्ही पुढच्या चाकांनी चालते, तर चाकणहून निघणाऱ्या महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई मागच्या चाकांनी. दोन्ही एकाच सिग्नलला शेजारी उभ्या असतात. बाहेरून फरक दिसत नाही. क्रेनवाल्याला तो माहीत हवा आणि त्याच्याइतकाच तुम्हाला.

तेव्हा गाडीच्या पुस्तिकेतलं टोइंगचं पान घरी बसून वाचून ठेवा. घाटात, पावसात, मोबाइलच्या उजेडात ते सापडत नाही. बहुतेक गाड्यांत ओढण्याचा हुक स्टेपनीजवळच्या हत्यारांत सुटा ठेवलेला असतो आणि बंपरवरचं चौकोनी किंवा गोल झाकण काढून आटे फिरवून तो बसवायचा असतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत हे आटे उलटे आहेत: डावीकडे फिरवला की घट्ट होतो.