शहराचा आराखडा आणि शहराची तिजोरी

शहरात पूल, जलवाहिनी किंवा रुग्णालय उभे राहते, तेव्हा दोन वेगळ्या प्रक्रिया पूर्ण झालेल्या असतात. एक जागेची, दुसरी पैशाची. जागा ठरवणारा विकास आराखडा साधारण वीस वर्षांचा असतो, तर पैसा देणारे अंदाजपत्रक एका वर्षाचे. रखडलेल्या कामांचे मूळ अनेकदा या दोहोंचा मेळ न बसण्यात असते.

महाराष्ट्रात विकास आराखडा ‘महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६’नुसार तयार होतो. आधी सध्याच्या जमीनवापराचा नकाशा केला जातो, मग लोकसंख्येचा अंदाज बांधून रस्ते, शाळा, उद्याने यांसाठी जागा आरक्षित होतात. प्रारूप प्रसिद्ध झाले की नागरिकांच्या हरकती व सूचना मागवतात, त्यांवर सुनावणी होते आणि अंतिम मंजुरी राज्य सरकार देते. हरकतींचा हा टप्पा नुसता उपचार नाही. मुंबईच्या २०३४पर्यंतच्या आराखड्याच्या पहिल्या प्रारूपावर २०१५ मध्ये इतकी टीका झाली, की ते नव्याने करावे लागले. सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला.

आरक्षण पडले म्हणजे जागा ताब्यात आली, असे नव्हे. मालकाला रोख मोबदला, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) किंवा वाढीव एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) देऊन ती मिळवावी लागते. दहा वर्षांत भूसंपादन झाले नाही, तर मालक कायद्यानुसार नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत कार्यवाही झाली नाही, तर आरक्षण रद्द होते. पैशाअभावी शहराच्या हातून मैदाने आणि शाळांच्या जागा निसटतात, त्या अशा.

जागा असेल, तर प्रकल्प अहवाल आणि खर्चाचे पूर्वगणनपत्रक तयार होते, मग त्या खर्चाची तरतूद अंदाजपत्रकात व्हावी लागते. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, समितीच्या दुरुस्त्यांसह ते सर्वसाधारण सभेत मंजूर होते. त्यानंतर कामाला मान्यता, निविदा आणि कार्यादेश.

या अंदाजपत्रकात येणारा पैसा मुख्यतः मिळकतकर, पाणीपट्टी, बांधकाम परवानगीचे शुल्क आणि राज्याकडून मिळणारी भरपाई यांतून उभा राहतो. जकात आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) हे महापालिकांचे हक्काचे कर होते. १ जुलै २०१७पासून जीएसटी आल्यावर त्यांच्या जागी राज्य सरकार दरमहा भरपाई देऊ लागले. त्यामुळे उत्पन्न नियमित झाले, पण त्या करांचा दर ठरवण्याचा अधिकार शहराकडे उरला नाही. पगार, वीजबिल आणि देखभाल भागल्यावर जे उरते, तेच नव्या कामांना मिळते.

मोठ्या प्रकल्पांना हे स्वतःचे उत्पन्न पुरत नाही. तिथे दुसरा मार्ग केंद्र व राज्य यांच्या सहभागाचा. पुणे मेट्रोसाठी केंद्र व राज्य यांच्या समान भागीदारीची ‘महामेट्रो’ ही कंपनी काम करते. मुळा-मुठा नदीच्या प्रदूषण नियंत्रणासाठी केंद्राने जपानच्या ‘जायका’ संस्थेकडून कर्ज घेतले आणि २०१६ मध्ये मंजूर झालेल्या खर्चापैकी ८५ टक्के वाटा अनुदान म्हणून देण्याचे ठरले, उरलेला महापालिकेचा.

तिसरा मार्ग कर्जरोख्यांचा. १९९८ मध्ये अहमदाबादने राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटींचे रोखे काढले. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी दहा वर्षे मुदतीचे, ७.५९ टक्के व्याजाचे २०० कोटींचे रोखे विकले. अशा कर्जासाठी पतमानांकन लागते, लेखे चोख ठेवावे लागतात आणि मिळकतकराची वसुली भरवशाची असावी लागते. शहराला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची शिस्त यातून लागते, पण परतफेडीचा भार पुढच्या करदात्यांवर पडतो. म्हणून दीर्घकाळ टिकणाऱ्या कामासाठीच असे कर्ज काढणे योग्य.

नागरिकांना या व्यवस्थेत दोन दारे उघडी आहेत. आराखड्यावरील हरकतींचे दार अनेक वर्षांतून एकदा उघडते. अंदाजपत्रकाचे दरवर्षी उघडते: पुण्यात २००६-०७पासून नागरिक क्षेत्रीय कार्यालयाकडे पदपथ, दिवे, बाकडी अशी आपल्या भागातली छोटी कामे सुचवू शकतात. पहिल्या दाराने जागा वाचते, दुसऱ्याने तिच्यासाठी तरतूद मिळते. शहराला दोन्हींची गरज असते.