हादगा आणि शेवगा : शेजारी, पण भावंडं नव्हेत



परसात हादगा आणि शेवगा पुष्कळदा शेजारी असतात. दोघांच्या फुलांची भाजी होते, दोघांना लांब शेंगा लागतात. म्हणून मीही त्यांना भावंडं समजत होते. एका वर्षी शेवग्याच्या शेंगा संपल्यावर तो कमरेइतका छाटला आणि त्याच कोयत्यानं हादगाही. पावसाळ्यात शेवगा भराभर फुटला. हादगा मात्र वाळून गेला. तेव्हा कळलं, यांची कुळंच वेगळी.

हादगा हा तूर, मूग, हरभऱ्याच्या कुळातला. त्याचं मोठं, होडीसारखं वाकलेलं फूल तुरीच्या फुलाशेजारी धरा. ठेवण तीच दिसेल. पान चिंचेसारखं, एका देठावर जोडीजोडीनं. शेंग तुरीसारखीच दोन फाकांची. एखादं रोप अलगद उपटलंत तर मुळांवर बारीक गाठी दिसतील. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. गळलेला पाला कुजला की तो नत्र मातीला मिळतो.

शेवग्याचं कूळ छोटं, त्यात साऱ्या जगात जेमतेम 13 जाती आहेत. डाळींशी त्याचं नातं नाही. फुलं लहान, मळकट पांढरी, घोसांनी येणारी. शेंग तीन फाकांची, आतल्या बीला पातळ पंख. मुळांवर नत्राच्या गाठी नसतात, म्हणून त्याला शेणखत द्यावं लागतं.

आता निगा. शेवगा बीपासून होतो, तसा जाड फांदी लावूनही होतो. त्याची फांदी ठिसूळ असते, म्हणून दरवर्षी छाटणी करा. झाड बुटकं राहतं, शेंगा हाताशी येतात. बुंध्याशी पाणी मात्र साचू देऊ नका, मूळ कुजतं. हादगा बी टोकून लावा. तो लवकर वाढतो, पण पूर्ण छाटणी सोसत नाही. शेळीला पाला हवा असेल तर थोड्याच फांद्या घ्या, बाकी झाड हिरवं ठेवा.

स्वयंपाकातही फरक आहे. हादग्याच्या फुलातले मधले केसर काढून टाका, नाहीतर भाजी कडू होते. शेवग्याची फुलं नीट निवडून, धुऊन तशीच परतली तरी चालतात.

तेव्हा बायांनो, गटाच्या जागेत दोन्ही झाडं लावा. पण कोयता उचलण्याआधी शेंग उकलून फाका मोजा. दोन असतील तर हात आवरा, तीन असतील तर खुशाल छाटा.