टू-स्ट्रोक स्कूटरला ऑईल नक्की किती?



सिंगापूरमध्ये ब्लॉकखाली गवत कापणारे आले की पुष्कळदा निळसर धूर आणि एक ओळखीचा वास वर येतो. तो २टी ऑईलचा. चेतक, लूना आणि आरएक्स १०० च्या मागे बसून मोठ्या झालेल्या आपल्या पिढीला तो वेगळा सांगायला नको. इथल्या रस्त्यांवरून टू-स्ट्रोक जवळजवळ गेलीच, पण गावी वडिलांची चेतक अजून कव्हरखाली उभी असते. सुट्टीत गेलं की ती चालू करायचा मोह होतोच. मग पहिला प्रश्न येतो, लिटरला ऑईल किती? घरात जितकी माणसं तितकी मतं! "थोडं जास्तच टाक, इंजिनाला बरं" हे त्यातलं सर्वात लोकप्रिय.

आधी थोडं इंजिनियरिंग. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिनाच्या तळाशी ऑईलचा वेगळा साठा असतो. आपल्या टू-स्ट्रोकमध्ये तसा नसतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमधून जातं आणि मग वर सिलिंडरमध्ये. जाताजाता त्यातलं ऑईल बेअरिंग, कनेक्टिंग रॉड आणि पिस्टनला वंगण देतं आणि शेवटी जळून धूर होऊन बाहेर पडतं. म्हणजे ऑईल विसरलात तर पिस्टन जाम व्हायला फार किलोमीटर लागत नाहीत.

मग जास्त टाकलं तर? प्लग काळा होतो, सायलेन्सर आणि एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन साचतो, पिकअप जातो. शिवाय एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही. कार्बोरेटरच्या जेटमधून ठरावीकच द्रव जातो. त्यात ऑईल वाढलं की तेवढं पेट्रोल कमी झालं, म्हणजे मिश्रण 'लीन' झालं आणि इंजिन जास्त तापलं. काळजीपोटी ओतलेलं जादा ऑईल असं उलटतं. धुराचा त्रास तर सगळ्या गावाला. दिल्लीत १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर सुटं २टी ऑईल बंद करून पंपावरच मापात मिसळलेलं पेट्रोल द्यायला लावलं, ते याच कारणासाठी.

हिशोब सोपा आहे. ५०:१ म्हणजे २ टक्के, लिटरला २० मिली. ४०:१ म्हणजे २५ मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. चेतकला साधारण २ टक्के, म्हणजे ३ लिटर पेट्रोलला ६० मिली. लूनाचं किंवा गवत कापायच्या मशीनचं प्रमाण वेगळं असू शकतं, तेव्हा मॅन्युअल बघा. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण या कामाला उत्तम. कायनेटिक होंडा आणि आरएक्स १०० मध्ये ऑईलची टाकी वेगळी असते. तिथे पेट्रोलमध्ये ऑईल घालायचं नाही, फक्त त्या टाकीची पातळी बघायची.

ऑईल कुठलं? डब्यावर 'जासो एफसी' किंवा 'एफडी' असं लिहिलेलं घ्या. धूर कमी, कार्बन कमी. बोटीच्या इंजिनासाठीचं 'टीसी-डब्ल्यू३' हे पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचं, ते आपल्या हवेने थंड होणाऱ्या स्कूटरला नको. कारचं उरलेलं इंजिन ऑईल तर अजिबात नको.

आता सर्वात महत्त्वाचं. भारतात २०२३ पासून ई२० पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोचलं. त्यातलं २० टक्के इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी पावसाळाभर उभी राहिली आणि पुरेसं पाणी शिरलं, तर इथेनॉल आणि पाण्याचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. २टी ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. नळी तळाकडून निघते! म्हणजे तुम्ही २ टक्के अगदी मोजून घातलेले असले, तरी इंजिनात जातो तो बिनऑईलचा थर. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशरही इथेनॉलने फुगतात, चिरतात.

म्हणून गावी गेल्यावर क्रम असा ठेवा. जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका, कार्बोरेटरसकट. मेकॅनिककडून नळ्या बघून घ्या. पंपावर आधी पेट्रोलचा कॉक बंद करा, नाहीतर नुसतं ऑईल खाली कार्बोरेटरमध्ये उतरेल. मग मोजून ऑईल आणि त्यावर पेट्रोल, म्हणजे धारेनेच ते मिसळतं. गाडी थोडी हलवा, कॉक उघडा आणि किक मारा. परत निघताना कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि टाकी रिकामी करून ठेवा.

आणि हो, हे सगळं वडिलांनाही फोनवर नीट समजावून सांगा. आपण नसताना ती गाडी बाहेर काढणारे तेच असतात, आणि चालत्या स्कूटरचं इंजिन जाम झालं की मागचं चाक रस्त्यातच अडकतं. प्रश्न फक्त पिस्टनच्या खर्चाचा नाही.