काचपेटीवरचे ओरखडे आणि धूसरपणा



तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा एखाद्या मित्राच्या घरी माशांची काचपेटी असेल. नवी असताना तिची काच आहे की नाही हे हात लावूनच कळत असे. दोन-तीन वर्षांनी मात्र मासे धुक्यातून पोहत असल्यासारखे दिसतात आणि पाण्याच्या कडेला पांढरा पट्टा उमटतो. उन्हाची तिरीप आली की काचेवर बारीक रेषांचे जाळे चमकते. मग कोणी म्हणतो वाळूकागदाने घासा, कोणी म्हणतो दंतमंजन लावा, तर कोणी पेटीच टाकून द्यायला सांगतो. यांपैकी काय करावे, हे ठरवण्यापूर्वी काच धूसर का दिसते ते पाहू.

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात शिरताना त्याचा काही भाग सीमेवरून मागे फिरतो. हा भाग किती असेल, हे दोन्ही माध्यमांच्या वक्रीभवनांकांत किती फरक आहे यावर ठरते. हवेचा वक्रीभवनांक जवळजवळ १, पाण्याचा १.३३ आणि साध्या काचेचा सुमारे १.५२ असतो. हिशेब केला तर हवा आणि काच यांच्या सीमेवर सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के परत फिरतो. पाणी आणि काच यांच्या सीमेवर मात्र अर्धा टक्काही फिरत नाही.

काच गुळगुळीत असेल तर सगळे किरण शिस्तीने एका दिशेने जातात आणि पलीकडचे चित्र स्पष्ट दिसते. ओरखडा म्हणजे काचेत पडलेली बारीक चर. तिच्या तिरक्या बाजूंवर पडलेले किरण वाटेल त्या दिशांना विखुरतात. असे विखुरलेले किरण डोळ्यात शिरले की तेथे पांढरी रेषा दिसते, आणि अशा हजारो सूक्ष्म रेषा एकत्र आल्या की धुके दिसते.

आता यातून एक उपयोगी गोष्ट निघते. पेटीच्या आतल्या बाजूला ओरखडा असेल, तर पेटी भरल्यावर त्या चरीत पाणी शिरते. पाणी आणि काच यांच्यातील फरक लहान असल्यामुळे प्रकाश फारसा विखुरत नाही आणि ओरखडा जवळजवळ दिसेनासा होतो. बाहेरच्या ओरखड्यात मात्र हवाच राहते, म्हणून तो दिसतच राहतो. तेव्हा रिकामी, कोरडी पेटी पाहून घाबरू नका. आधी ती भरून पहा. पुष्कळदा आतल्या बाजूला काही करण्याची गरजच उरत नाही.

यानंतर तीन सोप्या परीक्षा करा. पहिली परीक्षा ओल्या बोटाची. पेटी रिकामी करून कोरड्या, धूसर जागेवर पाण्याचे बोट फिरवा. धूसरपणा गेला आणि वाळल्यावर परत आला, तर पृष्ठभाग खडबडीत आहे असे समजा. दुसरी परीक्षा शिरक्याची, म्हणजे व्हिनेगरची. त्याचा एक थेंब डागावर ठेवून भिंगातून पहा. बारीक बुडबुडे निघाले, तर तो डाग चुन्याचा आहे. तिसरी परीक्षा नखाची. नख ओरखड्यावरून आडवे, अलगद फिरवा. ते अडकले तर ओरखडा खोल आहे.

मराठवाड्यात चुन्याच्या डागाचीच शक्यता सर्वांत मोठी. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातले बोरी हे गाव घ्या. त्याच्या भोवतालची जमीन दख्खनच्या पठाराच्या काळ्या बेसाल्ट खडकावर वसलेली आहे. हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेते आणि सौम्य आम्ल बनते. हे आम्ल खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवते, म्हणून अशा खडकातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी बहुधा जड असते. डाळ लवकर न शिजणे, साबणाला फेस न येणे आणि भांड्यांच्या तळाला पांढरा थर बसणे या त्याच्या ओळखीच्या खुणा आहेत.

काचपेटीतील पाणी हवेत उडून जाते, पण त्यातले क्षार उडत नाहीत. समजा, एका लिटर पाण्यात ४०० मिलिग्रॅम क्षार आहेत आणि पेटीतून रोज एक लिटर पाणी उडते. तुम्ही तेवढीच भर घालत राहिलात, तर वर्षभरात सुमारे १४६ ग्रॅम क्षार पेटीत साचतील! पाण्याच्या कडेला काच सतत भिजते आणि वाळते, म्हणून चुन्याचा थर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तेथेच जास्त बसतो.

हा थर काढायला घासावे लागत नाही. मासे त्याच पेटीतल्या पाण्याने भरलेल्या बादलीत हलवा. पेटी रिकामी करा आणि फडके व्हिनेगरमध्ये भिजवून पट्ट्यावर अर्धा तास चिकटवून ठेवा. सायट्रिक आम्लाचे पाणीही चालते. आम्लामुळे कार्बोनेट विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. नंतर पेटी स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुवा. मासे असलेल्या पाण्यात मात्र आम्ल कधीही टाकू नका आणि साबणही वापरू नका. जड पाण्याचा फार धसकाही घेऊ नका. डासांच्या अळ्या खाणाऱ्या ज्या गप्पी माशांना आरोग्य विभाग डबक्यांत आणि टाक्यांत सोडतो, त्यांना असेच पाणी मानवते.

आता खऱ्या ओरखड्याकडे वळू. काचेची कठिनता मोहसच्या मापावर सुमारे ५.५, तर गारगोटीची ७ असते. काच ओरखडते ती मऊ फडक्यामुळे नव्हे, तर फडक्यात अडकलेल्या वाळूच्या कणामुळे. आपल्या नद्यांच्या वाळूत गारगोटीच्या जातीचे कण असतातच. म्हणून पेटीच्या तळाजवळ पुसताना फडके वारंवार धुवावे.

ओरखडा म्हणजे काचेवर लागलेला मळ नाही. तेथील काच गेलेली आहे, म्हणून तो ‘पुसता’ येत नाही. त्याच्या भोवतालची काच त्याच्या तळाइतकी खाली आणणे, एवढाच मार्ग उरतो. हे काम सिरियम ऑक्साइडची पूड करते. ओल्या नमद्यावर ही पूड घेऊन घासले की पाण्याच्या साहाय्याने काचेचा अगदी वरचा थर मऊ पडतो आणि पूड तो अलगद काढून नेते. दंतमंजनातील खडू काचेहून मऊ असतो. त्याने काच स्वच्छ होईल, पण ओरखडा जाणार नाही.

सिरियम काही परदेशातूनच आणावे लागते असे नाही. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत ते असते. इंडियन रेअर अर्थ्स ही संस्था १९५० साली स्थापन झाली आणि १९५२ साली या वाळूवर प्रक्रिया करणारा तिचा कारखाना केरळमध्ये अलुवा येथे सुरू झाला. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने दुर्बिणी बनवण्याच्या कार्यशाळा भरवल्या आहेत. दुर्बिणीचा आरसा घासून झाल्यावर त्याला शेवटची झळाळी याच पुडीने देतात.

पण या कामाला मर्यादा आहेत. हाताने तासभर घासले तरी काचेचे काही मायक्रोमीटरच निघतात. (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) म्हणून नखाला न लागणारे ओरखडेच या रीतीने जातात. हट्टाने एकाच जागी घासत बसलात तर तेथे खळगा पडतो. तो भिंगासारखे काम करतो आणि त्यामागचा मासा वेडावाकडा दिसतो. पूड कोरडी पडली तर काच तापते. एकच जागा तापल्यास काच तडकू शकते. म्हणून पेटी रिकामी करून, पूड सतत ओली ठेवून, मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच हे काम करावे.

नखाला अडकणारा खोल ओरखडा मात्र केवळ दिसण्याचा प्रश्न नसतो. ९० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर उंच अशी समोरची काच घ्या. पेटी काठोकाठ भरली तर या काचेवर सुमारे ९० किलोग्रॅम वजनाइतके बल पडते. त्याने काच किंचित बाहेर फुगते आणि तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो. काच दाब पुष्कळ सहन करते, पण ताण सहन करत नाही. चरीच्या टोकाशी तर हा ताण कितीतरी पटींनी वाढतो. काचेच्या मोडण्यामागे अशा बारीक भेगा असतात, हे ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले. काच कापणारा कारागीर याच गोष्टीचा उपयोग करतो. तो चाकाने एक रेघ ओढतो आणि हलकेच वाकवतो, की काच त्याच रेघेवर मोडते! बाहेरच्या बाजूला खोल ओरखडा किंवा टवका असेल, तर ती पेटी पाण्याने भरू नये. काच बदलून घ्यावी, किंवा पेटीत कोरड्या जागेत वाढणारी रोपे लावावीत.

आणखी एक सूचना. सगळ्या पारदर्शक भिंती काचेच्या नसतात. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात (स्थापना १९५१) २०१५ च्या नूतनीकरणात माशांखालून चालत जाता येईल असा बोगदा केला होता, तो ॲक्रिलिकचा होता. ॲक्रिलिक काचेहून पुष्कळ मऊ असते. त्यावर ओरखडे लवकर पडतात, पण पॉलिशही लवकर होते. तेव्हा आपली पेटी कशाची आहे ते आधी विचारून घ्या.

शेवटी एक प्रयोग. खिडकीच्या घासलेल्या, दुधी काचेची खडबडीत बाजू कोणती ते बोटाने ओळखा. तिच्यावर एका जागी पाण्याचा थेंब आणि शेजारी गोड्या तेलाचा थेंब पसरा. तेलाचा वक्रीभवनांक सुमारे १.४७ आहे. कोणत्या थेंबातून पलीकडचे अधिक स्पष्ट दिसेल? आधी उत्तर वहीत लिहा आणि मगच पहा.