कसावा स्टार्चची वाळवण यंत्रणा

कसावा (साबुकंद, टॅपिओका) या कंदापासून काढलेल्या ओल्या स्टार्चमधील पाणी घालवून त्याची टिकाऊ भुकटी करण्यासाठी जी साधने वापरतात, त्यांना कसावा स्टार्चची वाळवण यंत्रणा म्हणतात. कंद धुणे, किसणे, चोथा गाळणे आणि अपकेंद्री यंत्राने पाणी काढणे या टप्प्यांनंतरही स्टार्चमध्ये साधारण ३५ ते ४० टक्के पाणी उरते. ते सुमारे १३ टक्क्यांपर्यंत उतरले नाही, तर साठवणीत स्टार्चला बुरशी लागते.

मुख्य अडचण
कसावाचे ओले स्टार्च सुमारे ६० ते ७० अंश सेल्सियसला तापले की त्याचे कण फुगतात आणि त्याची खळ होते. एकदा खळ झालेले स्टार्च पूर्ववत होत नाही. म्हणून पाणी त्वरेने घालवणे, पण कण तापू न देणे, अशी दुहेरी कसोटी या यंत्रणेला लागते.

फ्लॅश ड्रायर
थायलंडमधील व इतरत्रच्या मोठ्या कारखान्यांत ही कसोटी फ्लॅश ड्रायर पार पाडतो. गाळून घेतलेली हवा सुमारे १५० ते २०० अंशांपर्यंत तापवून उंच उभ्या नळीत वेगाने सोडतात. तीत टाकलेले भुसभुशीत ओले स्टार्च हवेबरोबर वर उडते आणि काही सेकंदांतच वाळते. हवेतील उष्णता बाष्पीभवनात खर्च होत असल्याने कण स्वतः फारसा तापत नाही. पुढे चक्रवाती विलगक भुकटी हवेपासून वेगळी करतो; नंतर ती चाळून पोत्यांत भरतात. अनेक कारखाने सांडपाण्यापासून मिळणारा बायोगॅस या उष्णतेसाठी वापरतात.

सुरक्षितता
हवेत तरंगणारी स्टार्चची धूळ ठिणगी पडल्यास स्फोट घडवू शकते. त्यामुळे नळ्यांचे भूसंपर्कन, धूळ साचू न देणे आणि स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप यांना महत्त्व आहे.

उन्हातील वाळवण
तमिळनाडूतील सेलम परिसरात स्टार्च व साबुदाणा सिमेंटच्या खळ्यांवर उन्हात वाळवण्याची पद्धत रूढ आहे. महाराष्ट्रात उपवासाला खाल्ला जाणारा साबुदाणा प्रामुख्याने याच राज्यातून येतो. या पद्धतीत इंधन लागत नाही. मात्र पाऊस, धूळ आणि जागेची गरज या तिच्या मर्यादा होत.

ब्राझील व कोलंबियातील आंबवलेल्या स्टार्चच्या बाबतीत ऊन हा केवळ स्वस्त पर्याय नाही. आंबवण्यातून तयार झालेले लॅक्टिक आम्ल आणि उन्हातील अतिनील किरण यांच्या संयुक्त परिणामाने त्या स्टार्चचा पाव भट्टीत फुलतो. तेच स्टार्च यंत्रात वाळवल्यास हा गुण येत नाही.