शिपाई नसल्याची खूण

गणवेशावरचा बिल्ला एरवी सांगतो, हा माणूस कुठल्या पलटणीचा आणि काय हुद्द्याचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याबरोबर फिरणाऱ्या बातमीदारांचा बिल्ला मात्र सांगायचा, की हा शिपाई नाहीच! पोशाख अधिकाऱ्याचा, पण हुद्द्याची एकही खूण नाही. दंडाला हिरवी पट्टी, तिच्यावर पांढरं ‘सी’ हे इंग्रजी अक्षर. ‘वॉर करस्पॉन्डन्ट’ अशी अक्षरं असलेले बिल्लेही होते. चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचं १९४६ सालचं ते प्रसिद्ध छायाचित्र टिपणाऱ्या मार्गारेट बर्क-व्हाइट यांच्यासाठी तर १९४२ मध्ये लष्कराला खास गणवेश बेतावा लागला होता.

पण बातमीदाराला गणवेश हवाच कशाला? आघाडीवर साध्या कपड्यांत सापडलेला माणूस हेर ठरू शकतो, आणि नुसत्या गणवेशातला सैनिक. या दोहोंच्या मधली जागा त्या कापडाच्या तुकड्याने राखली होती. तिला कायद्याचा आधारही होता. १९२९ च्या जिनिव्हा कराराच्या ८१व्या कलमानुसार सैन्यामागून जाणारे बातमीदार, कंत्राटदार, रसद विकणारे शत्रूच्या हाती लागले, तर त्यांना युद्धकैद्याची वागणूक मिळायची. अट एवढीच, की आपल्या सैन्याचा दाखला जवळ हवा. म्हणजे बिल्ला लांबून दिसायला आणि कागद जवळून वाचायला. माणूस पूर्णपणे नागरिक, तरीही त्याला युद्धकैदी होण्याचा हक्क! १९४९ च्या करारात लष्करी विमानांवरचे नागरी कर्मचारी आणि कामगारांच्या तुकड्याही या यादीत नावानिशी आल्या.

या हक्काची किंमत होती: बातमीदाराने शस्त्र धरायचं नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसजवळच्या रांबुये गावात लेखक-बातमीदार अर्नेस्ट हेमिंग्वे यांनी बिल्ला काढून ठेवला, खोलीत शस्त्रं बाळगली आणि फ्रेंच बंडखोरांचं नेतृत्व केलं, असा आरोप झाला. ऑक्टोबरमध्ये लष्करी चौकशी बसली. बिल्ल्याबद्दल त्यांचं उत्तर असं, की उकाड्यामुळे कोट काढला असेल, आणि बिल्ला कोटावरच होता. एका कोटावरून एवढी चौकशी व्हावी, हे मला मुळीच अति वाटत नाही. एका बातमीदाराने बंदूक उचलली, की शत्रूने पुढच्या बातमीदाराच्या बिल्ल्यावर विश्वास का ठेवावा?

हेमिंग्वे निर्दोष सुटले. १९४७ मध्ये त्यांना ब्राँझ स्टार हे पदक मिळालं, तेही युद्धवार्ताहर म्हणून.