विश्लेषण : मरियामातेला साडी नेसवणाऱ्या चित्रकाराने गोवा सोडून पुणे का गाठले?

साडी नेसलेली मरिया आणि गव्हाळ वर्णाचा येशू आज फारसे कुणाला खटकत नाहीत. मात्र नव्वदेक वर्षांपूर्वी अशाच चित्रांमुळे अँजेलो दा फोन्सेका यांच्यावर गोव्यात टीका झाली आणि त्यांनी पुण्याची वाट धरली.

फोन्सेका कोण होते?

फोन्सेका यांचा जन्म १९०२ मध्ये गोव्यातील सांत इस्तेव्ह येथे झाला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून ते चित्रकलेकडे वळले. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पाश्चात्त्य नमुन्यांची नक्कल नको, हा तिथला धडा त्यांनी ख्रिस्ती विषयांना लावला.

वाद कशामुळे झाला?

तेव्हा गोव्यात पोर्तुगीज सत्ता होती आणि चर्चमधील मूर्ती, चित्रे युरोपीय वळणाची होती. गोऱ्या मरियेची सवय असलेल्यांना साडीतली मरिया हा पावित्र्यभंग वाटला. खरे तर शब्दांनी ही वाट आधीच चोखाळली होती. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्येच मराठी ओवीत छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणली. ओवीतला ख्रिस्त रुचला, रंगांतला मात्र रुचायला वेळ लागला.

पुण्यात काय घडले?

शिवाजीनगर येथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाने त्यांना आसरा दिला. कॅथलिक चित्रकाराला अँग्लिकन परंपरेतील आश्रमाने जागा द्यावी, हे त्या काळी विशेषच. १९६७ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्याआधी दोनच वर्षे संपलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्थानिक संस्कृतीतील कलेला दार उघडले होते.

सूझा यांची वाट वेगळी कशी?

गोव्याच्याच साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४-२००२) यांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या स्थापनेत पुढाकार घेतला. फोन्सेकांची मरिया शांत आहे. सूझांचा ख्रिस्त जाड काळ्या रेषांत विंधलेला, भेसूर आहे. बालपणी चर्चमध्ये पाहिलेल्या यातनामय प्रतिमा त्यांनी भक्तीऐवजी क्रौर्य आणि ढोंगावर बोट ठेवण्यासाठी वापरल्या. त्यांचे १९५९ चे 'क्रूसिफिक्शन' लंडनच्या टेट संग्रहात आहे.

आज हा प्रश्न कुठे उरतो?

पुण्यात १९४४ मध्ये जन्मलेले ज्योती साही यांनी बंगळूरुजवळ राहून ख्रिस्ती चित्रांचा भारतीय बाज पुढे नेला. पिंपरी-चिंचवड, चाकणमध्ये कारखानदारीमुळे देशभरातून आलेली ख्रिस्ती कुटुंबे आपापल्या भाषांत प्रार्थना करतात. भिंतीवरची छापील तसबीर मात्र अनेकदा युरोपीय चेहऱ्याचीच असते. फोन्सेका जिथे राहिले ते शिवाजीनगर पिंपरीहून मेट्रोने थेट गाठता येते. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह पाहायचा तर गोव्यातील पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च गाठावे लागते. ज्या गोव्याने त्यांना नाकारले, तिथेच आता ती चित्रे जपली जात आहेत.